लचक

शिफा मॅडमनी कॉरिडॉरच्या फरशीवर
निळ्या चिकटपट्टीच्या दोन खुणा केल्या आहेत.
मधलं अंतर सहा मीटर.
बाबा वॉकर उचलतात, ठेवतात,
नवा गुडघा पुढे ढकलतात.
बारा सेकंद.
मॅडम फाईलवर लिहितात:
तापकीर सोपान गेनू, वय एकाहत्तर,
अर्धा मीटर सेकंदाला.

आकडा ओळखीचा वाटतो मला,
रस्त्यात कुणी दिसावं
आणि आडनाव आठवू नये, तसा.

आठवतं ते रिक्षात,
विश्रांतवाडीच्या सिग्नलला.
गणेशखिंडीतल्या एका संस्थेत
मी आकडे धुते, पिळते, वाळत घालते.
त्यातलाच हा.

सहा प्रकाशवर्षांवर एक तांबडा बटू तारा आहे, बाबा.
इतका शेजारी, तरी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही,
आपल्या बी विंगमधल्या तिसऱ्या मजल्यासारखा.
सेकंदाला एकशे दहा किलोमीटरनं येतोय आपल्याकडे
आणि त्या येण्यात एक बारीक लचक आहे,
किंचित पुढे, किंचित मागे,
अर्ध्या मीटरच्या आतबाहेर.
तुमच्या चालीइतकी.
तेवढ्यावरून कळलं,
त्याच्याभोवती कुणीतरी फिरतंय.
आधी एक वाटला. निघाले चार.
खडकाचे असावेत, पृथ्वीहून लहान.

बाबा बराच वेळ पुढच्या टेम्पोचा नंबर वाचतात.
मग म्हणतात, "रनआऊट."

"काय?"

"जॉब चकमधी एका अंगाला बसला
की स्पिंडल लचकतं. डोळ्याला कळत न्हाई.
डायल गेज लावायचा.
सुई नाचली, की वजन एकीकडं हाय."

भोसरीत चौतीस वर्षं लेथवर.
मी दोन वर्षं जी स्लाइड पुसतेय, पुन्हा काढतेय,
ती त्यांनी सिग्नल सुटायच्या आत संपवली
आणि रिक्षावाल्याला म्हणाले,
"डावीकडनं घ्या."

रिक्षावाला आरशातून ऐकत होता.
आतल्या ग्रहाचं वर्ष
अडीच दिवसांचंही नाही म्हटल्यावर म्हणाला,
"मग बोनस किती वेळा?"

बोनस नाही. चारही होरपळलेले,
ताऱ्याला इतके चिकटून
की पाणी टिकणार नाही.
तारा मात्र जपून जळतो.
सूर्य विझून जाईल, त्यानंतरही कितीतरी
याची शेगडी बारीक सुरूच असेल.

"पगारात भागवणारा दिसतोय," बाबा म्हणाले.
पहिल्यांदाच बरं बोलले कुणाबद्दल.

सहा आठवडे झाले.
वॉकर गेला, काठी आली.
एक्स-रेत गुडघा नव्या भांड्यासारखा चकाकतो.
लचक जुनीच आहे.

डॉक्टर म्हणतात, सवय.
मला सवयीनं तारखा मांडायची खोड.
घरातल्या घरात, बेसिनपासून खिडकीपर्यंत,
मी त्यांचं चालणं टिपून ठेवलंय
दुधाच्या वहीत, मागच्या पानांवर.
आलेख काढला नाही. काढायची गरज नव्हती.
रविवारी जास्त.
डाव्या अंगाला,
कुणी हाताला धरून हलकेच ओढावं, तेवढी.

रविवारी काय असतं?
कारखान्याची सुट्टी असायची. मटण असायचं.
मी शाळेत होते तोवर संध्याकाळी
ते एकटेच कुठेतरी जाऊन यायचे, इस्त्रीचा शर्ट घालून,
आणि आई विचारायची नाही.
याहून जास्त माझ्याकडे निरीक्षणं नाहीत.

काल रात्री त्यांना दिघीच्या गच्चीवर नेलं.
लिफ्ट बंद. बेचाळीस पायऱ्या.
पूर्वेला, विमानतळाच्या दिव्यांच्या वर,
बोटानं जागा दाखवली:
तिथे. नाही, थोडं वर. तिथे.
तिथे काहीच नव्हतं, मे महिन्याची धूळ होती.
बाबांनी टाकीच्या पाइपला धरलं
आणि माझ्या बोटाकडे नाही,
त्या काहीच नसलेल्या जागेकडे बघत राहिले,
मशीन बंद झाल्यावर चक थांबेपर्यंत बघावं, तसे.

"चारही आहेत ना अजून?"

आहेत, म्हटलं.

उतरताना ते पुढे, मी मागे.
रविवार होता.
मी मोजत नव्हते.